बोरघाट, फियाट आणि तापमापकाचा काटा

मोटारीचा इतिहास म्हटला की आपण कंपनी, मॉडेल आणि साल यांपासून सुरुवात करतो. या टिपणात मात्र आपण डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीवर बसवलेल्या एका लहान गोल मीटरचा विचार करणार आहोत. इंजिनातील पाणी किती तापले आहे, एवढेच तो सांगतो. काही जुन्या गाड्यांत हा मीटर कारखान्यातून आलेला नसतो, मालकाने नंतर गॅरेजमध्ये बसवून घेतलेला असतो.

अशी जोडणी म्हणजे मूळ गाडीची मोडतोड, असे तुम्हाला वाटेल. पण तापमापक मोटारीत आला तोच मुळी जोडवस्तू म्हणून. १९०८ साली विक्रीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये पाण्याच्या तापमानाचा मीटर नव्हता. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत ‘बॉइस मोटोमीटर’ निघाला. रेडिएटरच्या झाकणावर उभा राहणारा हा थर्मामीटर चालक आपल्या जागेवरून समोरच्या काचेतून वाचत असे. तो पाण्याचे नव्हे, पाण्यावरच्या वाफेचे तापमान दाखवी. पुढे काटा डॅशबोर्डवर आला आणि कारखानेच तो बसवू लागले. नंतर अनेक कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी काट्याच्या जागी लाल दिवा दिला. दिवा पेटतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून मालक पुन्हा बाजारातून मीटर आणू लागले.

आता आपल्याकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. इंजिन १,०८९ सीसीचे, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते. इंजिन फार तापले तर हेड वाकते, गॅसकेट जाते आणि पाणी तेलात मिसळते. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने ही नुसती दुरुस्ती नव्हती. गाडी गॅरेजमध्ये उभी, म्हणजे तितके दिवस कमाई बंद.

इंजिनाची खरी परीक्षा बोरघाटात होई. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटरवर, तर खंडाळा सुमारे साडेपाचशे मीटरवर. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिन पुरती ताकद लावत असते, पण वेग कमी असल्याने रेडिएटरमधून वारा पुरेसा जात नाही. त्यात वरच्या हवेचा दाब कमी, म्हणून खंडाळ्याला उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण हा उत्कलनबिंदू वर नेते, पण झाकणाचे रबर गेले की तो फायदा संपला. शिंगरोबाच्या देवळाशी नाणे टाकून पुढे जाण्याची चालकांची रीत प्रसिद्ध आहे. इंजिनाला मात्र थांबून गार होऊ देणे आणि पाणी, एवढेच हवे असे. मीटर नसताना चालक हे ओळखत ते वासावरून, इंजिनाच्या आवाजावरून आणि शेवटी बॉनेटमधून येणाऱ्या वाफेवरून.

बाजारात मिळणारे मीटर दोन प्रकारचे. पहिल्यात इंजिनात बसणाऱ्या बल्बमध्ये सहज बाष्प होणारा द्रव असतो. त्याचा दाब केसासारख्या तांब्याच्या नळीतून येऊन मीटरमधली वाकडी नळी किंचित सरळ करतो. ही नळी युजेन बुर्दाँ या फ्रेंच अभियंत्याची, १८४९ ची. वाफेचा दाब तापमानाबरोबर अधिकाधिक वेगाने वाढतो, म्हणून अशा मीटरवर गरम बाजूच्या खुणा एकमेकींपासून लांब दिसतात. तांब्याची नळी तोडून जोडता येत नाही. एकदा तुटली की मीटर गेला. दुसरा प्रकार विजेचा. त्यात सेन्सरचा विद्युतरोध उष्णतेने कमी होतो आणि सर्किट इंजिनाच्या धातूतून पूर्ण होते. सेन्सरच्या आट्यांवर जाड टेप गुंडाळला तर काटा खोटे बोलू लागतो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी त्यांत बसते. मूळ रूपाच्या या आग्रहापायी जुना जोडमीटर काढून फेकण्याकडे कल होतो. मला ते पटत नाही. पट्टीवर बसवलेला मीटर म्हणजे इंजिनात मोठा बदल नव्हे, आणि ती गाडी कशी वापरली गेली याचा तो पुरावा आहे.

तो वाचायचा कसा? बल्ब कुठे आहे ते आधी पाहा. हेडवर, थर्मोस्टॅटच्या अलीकडे असेल तर मीटर इंजिनातले पाणी मोजत होता. वरचा रबरी पाइप कापून बसवला असेल, तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा थंडच राही. थर्मोस्टॅट मुळीच सापडला नाही तर तो मिस्त्रीने ‘गाडी गार राहावी’ म्हणून काढलेला असण्याची शक्यता मोठी. पाण्याची पातळीही विचारात घ्या. पाणी गळून बल्ब उघडा पडला की इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो, आणि चालकाला वाटते, गाडी गार झाली.