‘स्पाइस’ची कुळकथा : वेग आणि सुलभता

संकलित मंडलांच्या आगमनाबरोबर विद्युत्-मंडल आधी जोडून पाहावे व मग सुधारावे ही जुनी रीत अपुरी ठरली. सिलिकनवर एकदा उमटलेल्या मंडलातील सदोष घटक काढून दुसरा बसविता येत नाही. सुट्या भागांची प्रतिकृतीही मूळ मंडलासारखी वागेलच असे नाही. यास्तव मंडलाचे वर्तन गणकयंत्रावर आधीच अजमावणे अपरिहार्य झाले. त्यासाठी वेगवान आज्ञावली कोणती, आणि ती मिळवावी कशी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात सापडतात.

तेथे १९६९-७० मध्ये रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातील अभ्यासातून ‘कॅन्सर’ ही आज्ञावली निर्माण झाली. लॉरेन्स नेगेल हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे असून त्याच्या शेवटी ‘प्रारण वगळून’ असा अर्थ येतो. तत्कालीन अनेक आज्ञावल्या संरक्षणखात्याच्या पैशावर, अण्वस्त्रांच्या प्रारणाचा मंडलांवरील परिणाम अभ्यासण्यासाठी रचल्या जात. त्या परंपरेपासूनचे अंतर या नावातच नोंदलेले आहे.

‘कॅन्सर’चा वेग गणितपद्धतीतून आला. मंडलातील प्रत्येक घटक मोजक्याच बिंदूंना जोडलेला असल्यामुळे समीकरणांच्या कोष्टकात बहुतेक स्थानी शून्य असते. ही शून्ये वगळून गणित केल्यास श्रम व स्मृतिस्थान दोन्ही वाचतात.

रोहरर बर्कली सोडून गेल्यावर नेगेल यांचे मार्गदर्शन डोनाल्ड पेडरसन यांच्याकडे आले. मूळ आज्ञावलीवर स्वामित्वाची बंधने होती. ती सुटावीत इतके पुनर्लेखन करून आज्ञावली सर्वांस खुली करावी, असा पेडरसन यांचा आग्रह होता. त्यातून ‘स्पाइस’ जन्मास आली व १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत मांडली गेली. १९७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत कालगणनेची पावले बदलती झाली : मंडल स्थिर असता लांब, खळबळीच्या क्षणी आखूड. नाममात्र खर्चात चुंबकीय फीत मागविणाऱ्यास ही आज्ञावली मूळ संहितेसह मिळे.

वेगाच्या दृष्टीने तिला प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. बेल प्रयोगशाळेची ‘मोटिस’ ही १९७५ चीच. तिने काही अचूकता सोडून मोठ्या मंडलांसाठी बराच अधिक वेग साधला. तथापि अशा वेगवान आज्ञावल्यांची उत्तरे पारखण्याची कसोटी ‘स्पाइस’च राहिली, कारण ती अचूक होती आणि सर्वांच्या हाती होती. पुढे ‘एच-स्पाइस’ आणि १९८४ ची, वैयक्तिक संगणकावर चालणारी ‘पी-स्पाइस’ या व्यापारी आज्ञावल्याही याच खुल्या संहितेतून वाढल्या.

या वंशविस्ताराची खूण भाषेतही टिकून आहे. आरंभी मंडलाचे वर्णन छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यावर दिले जाई. ती कार्डे कधीच लोपली. परंतु अभियंते वर्णनाच्या ओळीला आजही ‘कार्ड’ आणि संपूर्ण वर्णनाला ‘डेक’, म्हणजे गठ्ठा, म्हणतात. निरनिराळ्या व्यापारी आज्ञावल्यांच्या वर्णनपद्धती या एकाच भाषेच्या बोली होत. जी आज्ञावली सहज मिळाली, तिची भाषा सर्वांची झाली. केवळ वेगाच्या बळावर हे घडले नसते.