आखलेलं काम

वाशीम जिल्ह्यात स्वयंसेवक मिळत नाहीत, असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. मी कारंजा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. फुकट राबायला तयार असलेली माणसं जन्मभर पाहत आलो. त्यांना काम सापडत नाही, ही खरी गोष्ट.

आमच्या वऱ्हाडात काम सापडण्याची जुनी रीत होती. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. पहाटे रामधून निघायची, खंजिरी वाजायची. गल्लीतून जाताना कुठली नाली तुंबली, कुठल्या विहिरीचा काठ खचला, हे सगळ्यांच्या डोळ्यांखालून जायचं. काम शोधायला निराळी बैठक लागत नसे. गाडगेबाबा तर त्याहून पुढचे. गावात शिरले की आधी खराटा हातात, कीर्तन रात्री. ‘या, मदत करा’ म्हणायची गरजच नव्हती. कुठे झाडायचं ते त्यांच्या खराट्यामागून चालताना कळत होतं.

1972 च्या दुष्काळातली कामं पोटासाठी होती, सेवेची नव्हती, पण एक गोष्ट त्यांनी आमच्या अंगी बाणवली. मुकादम टेप लावायचा, खड्डा मोजायचा, मस्टरवर हजेरी चढायची. पुढे रोजगार हमीचा कायदा आला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मापात असतं, हे आमच्याकडच्या अंगठेबहाद्दर म्हातारीलाही त्यामुळे ठाऊक.

2000-01 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा गुण आणि बक्षिसं आली. गावं चकाचक झाली. समिती तपासून गेली की बऱ्याच ठिकाणी उकिरडे पुन्हा जागेवर, हेही खरं.

मग आला पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, पाणी अडवण्याची गावागावांतली स्पर्धा. 2016 मध्ये पहिली स्पर्धा फक्त तीन तालुक्यांत झाली: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पुढच्या वर्षी तालुके तीस झाले, त्यात आमचा कारंजा. आमिर खानचं नाव होतं, टीव्हीवर ‘तुफान आलंया’ होतं, त्यामुळे गवगवा झाला. पण माझ्या मते त्या स्पर्धेतली खरी करामत पडद्यावर दिसलीच नाही. ती प्रशिक्षणात होती. गावानं पाच जण पाठवायचे, त्यांत बायाही हव्यात, आणि त्यांनी चार दिवस अशा गावात राहायचं जिथे हे काम आधी झालंय. तिथे माथा ते पायथा म्हणजे काय, पाणी वरून अडवत खाली का यायचं, समतल रेषा कशी काढायची, हे हातानं करून शिकवत.

वाशीमला हे शिकणं अधिक गरजेचं. आमचा जिल्हा नद्यांच्या पाणलोटांच्या मधल्या उंचवट्यावर बसलेला. पैनगंगा, अडाण गोदावरीकडे जातात, तर काटेपूर्णा इथे उगम पावून पूर्णेमार्गे तापीला मिळते. पाऊस पडतो तो दोन्हीकडे पळून जातो. खाली काळा दगड, वर कुठे भारी माती तर कुठे नुसता मुरूम. पाणी थांबवायचं तर उतारावरच गाठायला हवं.

आता 8 एप्रिल ते 22 मे हे स्पर्धेचे पंचेचाळीस दिवस कसे असायचे, ते उन्हाळ्यात विदर्भात राहिलेल्यालाच कळेल. काम पहाटे नाहीतर संध्याकाळी. दुपारी टिकास हातात धरवत नाही, लोखंड पोळतं. आदल्या दिवशी सूर्य कलल्यावर प्रशिक्षण घेतलेली पोरं-पोरी टेकडीवर जायची, समतल बिंदू धरायची आणि चुन्याची फक्की टाकायची. सलग समतल चर साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल. पाच मीटर लांबीचा तुकडा म्हणजे एक घनमीटरपेक्षा थोडा कमी, पोटात नऊशे लिटर पाणी धरणारा. असे तुकडे पाडून ठेवले की सकाळी येणाऱ्याला विचारावं लागत नसे. माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, एवढं सांगितलं की झालं.

ज्या दिवशी आखणी राहून जायची त्या दिवशी पन्नास माणसं येऊन उभी राहायची, भाषणं व्हायची, फोटो निघायचे आणि ऊन चढलं की सगळे घरी. एक म्हातारा तर मला तोंडावर म्हणाला, “काम दाखव ना गुरुजी, हात तं हायेतच.”

याच स्पर्धेनं शहरातल्या माणसाला ऑनलाइन वाट काढून दिली. ‘जलमित्र’ म्हणून नाव नोंदवायचं आणि 1 मे ला, महाराष्ट्र दिनी, महाश्रमदानाला एखाद्या गावी जायचं. 2018 मध्ये असे लाखावर लोक नोंदले गेले. बूट-टोप्या घालून आलेल्यांची गावकऱ्यांनी थोडी गंमत केली, पण ती माणसं राबली. बटण दाबल्यापासून टोपलं उचलेपर्यंतची साखळी तुटली नाही, कारण फॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जागा, तारीख, हत्यारं आणि चुन्याची रेघ तयार होती. काम आखलेलं असलं की गाव लहान असून अडत नाही: 2017 ला राज्यात पहिलं आलेलं काकडदरा हे आर्वी तालुक्यातलं छोटंसं आदिवासी गाव. तिथे ना पैसा होता ना मोठी लोकसंख्या.

स्पर्धेचं कौतुक करताना तिची कमतरताही सांगतो. पंचेचाळीस दिवसांचा ज्वर उतरला की चरांत गाळ बसायचा, आणि गाळ काढायला कुणी नाव नोंदवत नसे. साठलेल्या पाण्याचा हिशेब कोण ठेवणार, उन्हाळी पिकाला किती उपसायचं, ही कामं चुन्यानं आखता येत नाहीत. संस्थेनं पुढे 2022 मध्ये फार्मर कप काढून शेतकऱ्यांचे गट बांधले, ते मला अधिक पटलं. गटाला वर्षभराचं काम असतं.

तंत्रज्ञानातून समाजसेवा करू पाहणाऱ्या मुलांना मी आणखी एक उदाहरण देतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. तलाठ्यानं लिहायचा पेरा आता शेतकऱ्यानं मोबाइलवर नोंदवायचा, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून. सोयाबीन-तुरीच्या आमच्या भागात साठीच्या पुढच्या कितीतरी खातेदारांकडे साधा फोन. पण एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येत होती, आणि माझे जुने विद्यार्थी बांधाबांधानं फिरले. कुणी त्यांना स्वयंसेवक म्हटलं नाही, प्रमाणपत्रही दिलं नाही. गट क्रमांक ठरलेला, पीक समोर, शेवटची तारीख माहीत. आणखी काय लागतं?

2018 मध्ये नीती आयोगानं वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांत धरलं. तेव्हापासून इथे काही करू इच्छिणाऱ्या शहरी तरुणांचे फोन मलाही येतात. ‘आम्ही काय करू शकतो?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांच्यासाठी याद्या, ॲप, फॉर्म बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे. नाव, शिक्षण, आवड हे रकाने खुशाल ठेवा, पण त्यांच्या आधी चार रकाने गावाकडून भरून घ्या: काम कुठे आहे, एका माणसाच्या वाट्याला किती येईल, पोचल्यावर कुणाला भेटायचं आणि हत्यार कोण देणार. हे चार रकाने रिकामे असतील तर फॉर्म उघडूच नका.