कुंचल्यावाचून रंग

गाडी सावलीत उभी करायची, काचांवर वर्तमानपत्रं चिकटवायची, ओरखडा वॉटर पेपरने घासायचा आणि कॅनने रंग मारायचा. घरच्या घरी जमणारं हे काम शक्य झालं ते दोन शोधांमुळे. एक फवाऱ्याचा, दुसरा झटपट वाळणाऱ्या रंगाचा. दोन्हींची मुळं मोटारींच्या बाहेरची होती.

फवारा आधी आला. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ॲलन डेव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून 1880 च्या दशकात त्यांनी हवेच्या दाबाने औषधाचे बारीक तुषार उडवणारं उपकरण केलं. त्याच सुमारास शिकागोत जोसेफ बिंक्स यांनी भिंतींना चुना मारण्यासाठी हातपंपाचं यंत्र बनवलं आणि 1893 च्या शिकागो प्रदर्शनातल्या इमारती अशाच फवाऱ्याने पांढऱ्याशुभ्र झाल्या. पुढे डॉक्टरांचे चिरंजीव टॉमस यांनी वडिलांच्या उपकरणातून रंगाची स्प्रे गन घडवली.

पण त्या काळचा मोटारीचा रंग म्हणजे घोडागाडीचंच व्हार्निश. कुंचल्याने हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात द्यायचा. एकेका गाडीला कित्येक आठवडे लागत. पहिलं महायुद्ध संपलं आणि बंदुकीच्या दारूसाठी लागणारं नायट्रोसेल्युलोज बनवणारी ड्यूपाँ कंपनी त्याचे नवे उपयोग शोधू लागली. त्यातून ‘ड्यूको’ लॅकर निघालं आणि 1923 मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात झळकलं. हे लॅकर इतक्या लवकर वाळे की कुंचल्याच्या रेघा मिटायला वेळच मिळत नसे आणि दुसरा हात पहिल्या थराला विरघळवून ओढत नेई. स्प्रे गन पृष्ठभागाला न शिवता रंग टाकते, म्हणून या रंगाला गनच हवी होती. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडच्या गॅरेजांत आणि सुतारकामात ‘ड्यूको’ आजही बोलीत आहे.

तरीही गनला कॉम्प्रेसर लागतोच, म्हणून काम गॅरेजातच अडकून राहिलं. ती अडचण डबाबंद दाबाने सोडवली. नॉर्वेचे अभियंता एरिक रोथाइम यांनी 1920 च्या दशकात एरोसोलचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन कृषी खात्याच्या लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी सैनिकांना मलेरियाच्या डासांपासून वाचवण्यासाठी कीटकनाशकाचा फवारणी डबा केला. मग 1949 मध्ये इलिनॉयमधल्या सिकामोर गावचे रंगव्यावसायिक एडवर्ड सेमूर यांना पत्नी बॉनी यांनी सुचवलं की रंगही असाच भरून पाहा. घर तापवणाऱ्या रेडिएटरचा ॲल्युमिनियम रंग दाखवायला सोपं साधन म्हणून केलेला तो कॅन जगभर गेला.

कॅनची करामत त्यातल्या द्रवरूप वायूत आहे. बटण दाबताच तो रंगाबरोबर बाहेर पडतो, क्षणात त्याची वाफ होते आणि ती रंगाचे बारीक तुषार करते. आत द्रव उरला आहे तोवर त्याची वाफ होतच राहते, त्यामुळे दाब जवळपास टिकून राहतो. हलवताना खडखडणारी गोळी तळाशी बसलेला रंग ढवळते. कॅनमधले सुरुवातीचे सीएफसी वायू ओझोनला घातक असल्याचं रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलँड यांनी 1974 मध्ये दाखवलं. त्यांच्या जागी आलेले हायड्रोकार्बन वायू पेट घेतात, म्हणून विडी, शेगडी आणि ठिणगी लांबच हवी.

कामाची रीतही याच इतिहासातून आली आहे. लॅकर स्वतःच्या द्रावकात पुन्हा विरघळतं आणि एकाच वेळी जाड थर दिला की रंग ओघळतो किंवा सुरकुततो. पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा. आणि जे तुषार घशात नीट पोचावेत म्हणून पहिलं उपकरण घडलं, तेच आता रंग आणि थिनर वाहून नेतात. नाकाला रुमाल बांधून ती वाफ अडत नाही. मोकळ्या हवेत, रासायनिक वाफेसाठीचा मास्क लावूनच कॅन हातात घ्यावा.