पोलादी पुलांतील वितळजोड
पोलादी भाग कडांशी वितळवून एकजीव केल्याने होणारा सांधा म्हणजे वितळजोड होय. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत पुलावरील रस्त्याच्या पोलादी पत्र्याखाली पन्हळाकृती फासळ्या वितळजोडाने बसविण्याची पद्धत रूढ झाली व पुलांचे वजन घटले. मात्र ब्रिटनमधील सेव्हर्न पुलाच्या (१९६६) अशा जोडांत १९७० नंतरच्या दशकात तडे आढळले. वाहनांचा भार वारंवार पडून धातूला शिणवटा येतो आणि न वितळलेल्या मुळाशी तडा सुरू होऊ शकतो. म्हणून जोड केवळ जाड करण्यापेक्षा तो खोलवर वितळविणे, कडा स्वच्छ व कोरड्या राखणे आणि श्राव्यातीत तरंगांनी तपासणे यांना महत्त्व आले. शिवडी ते पनवेलनजीकचे चिर्ले या सु. २२ किमी. लांबीच्या अटल सेतूचे (२०२४) काही गाळे याच रचनेचे असून त्यांचे आयुष्य या जोडांवर अवलंबून आहे.