लंगराची भिंत आणि जॉनी कॅनक

परवा सामान बांधताना काळ्या ट्रंकेच्या तळाशी वहीचं एक पान सापडलं. बॉलपेनने काढलेलं चित्र. अंगावर तीन रंगांचा पोशाख, हातात ढाल, बाजूला बर्फाचे डोंगर. राज कॉमिक्सचा ‘तिरंगा’. हिंदी पट्ट्यात नागराज, ध्रुव आणि डोगा पोराटोरांनाही ठाऊक असतात. तिरंगा त्या मानाने मागच्या रांगेतला. मी तर नाव पहिल्यांदा ऐकलं ते कंपनी कमांडर झाल्यावर, माझ्याच एका बिहारी जवानाकडून.

त्याने हे चित्र आधी लंगराच्या भिंतीवर काढलं होतं, चांगलं पुरुषभर उंचीचं. तीन दिवसांवर इन्स्पेक्शन होतं. मी जाता जाता एक नजर टाकली आणि म्हणालो, “ये कार्टून हटाओ.” तो “जी साब” म्हणाला आणि चुना त्यानेच मारला. पुढे त्याची बदली झाली तेव्हा जाताना हे पान माझ्या हातात ठेवून गेला.

नंतर वेलिंग्टनला स्टाफ कोर्सला असताना युद्धकाळातल्या प्रचारावर वाचत होतो, तेव्हा ही मागच्या रांगेतली मंडळी पुन्हा भेटली. अमेरिकेचा झेंडा अंगावर घालणारा पहिला हिरो कॅप्टन अमेरिका, असा आपला समज असतो. तो खरा नाही. एमएलजे कंपनीच्या ‘पेप कॉमिक्स’मध्ये जानेवारी 1940 च्या पहिल्याच अंकात ‘द शील्ड’ आला. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर तारीख आहे मार्च 1941. त्याची ढाल सुरुवातीला त्रिकोणी होती. शील्डच्या पोशाखाशी ती फार जुळते अशी तक्रार झाली आणि दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली. म्हणजे आज जगभर ओळखली जाणारी ती गोल ढाल एका विसरलेल्या हिरोमुळे आहे. बिचाऱ्या शील्डला शेवटी त्याच्याच घरातल्या पोराने हटवलं. डिसेंबर 1941 च्या पेपमध्ये आर्ची अँड्र्यूज आला आणि काही वर्षांत कंपनीचं नावच आर्ची झालं. आपण रेल्वे स्टॉलवर घ्यायचो तीच ही आर्ची.

अशांची त्या काळात रांगच होती. फायटिंग यँक होता. मिस व्हिक्टरी होती, दिवसा वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत स्टेनोग्राफर. त्यांचे प्रकाशक कधीच बुडाले. पुढे त्यांना जिवंत ठेवलं ते दुसऱ्या प्रकाशकांनी.

पण मला भिडला तो कॅनडाचा जॉनी कॅनक. डिसेंबर 1940 मध्ये परकीय चलन वाचवण्यासाठी कॅनडाने बिनगरजेच्या वस्तूंची आयात बंद केली, त्यात अमेरिकन कॉमिक्सही गेली. पोरं रिकामी बसली. मग देशातच कॉमिक्स निघू लागली, मुखपृष्ठ रंगीत आणि आतली पानं काळी-पांढरी. टोरांटोच्या एका स्टॉलवर लिओ बॅकल नावाचा शाळकरी पोरगा अशीच कॉमिक्स चाळत होता. प्रकाशकाच्या माणसाने विचारलं, कशी वाटतात? पोराने तोंडावर सांगितलं की चित्रं बरी नाहीत. मग तूच काढून दाखव, असं झालं. त्यातून 1942 च्या सुरुवातीला ‘डाइम कॉमिक्स’मध्ये जॉनी कॅनक उतरला. नाव एकोणिसाव्या शतकातल्या राजकीय व्यंगचित्रांतलं, पण हा विमानदळातला अधिकारी. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं, आणि तरी हिटलरपर्यंत जाऊन पोचतो. बॅकलने त्याच्या गोष्टींत आपले वर्गमित्र आणि शिक्षकही घुसवले होते.

युद्ध संपलं, अमेरिकन रंगीत कॉमिक्स परत आली आणि काळ्या-पांढऱ्या पानांचा बाजार उठला. 1995 मध्ये कॅनडाच्या टपालखात्याने जॉनी कॅनकचं तिकीट काढलं.

स्टाफ कोर्सला हे सगळं मी टिपून घेतलं, परीक्षेत लिहिलंही. लंगराची भिंत मात्र तेव्हा आठवली नाही. आठवली परवा, ट्रंकेपाशी बसल्यावर. पान उजेडात धरलं तर तिरंगाच्या मुखवट्याखालची मिशी ओळखीची वाटली. डावीकडे जरा आखूड, स्टोव्हच्या भडक्याने एकदा जळलेली. ती आमच्या लांगरीची होती. उणे वीस तापमानात पहाटे चारला उठून नव्वद जणांचा चहा करणाऱ्या माणसाचं चित्र त्याच्याच लंगरात लावलं होतं, आणि सगळ्या कंपनीला ते कळलं असणार. मला सोडून.

तो जवान आता हवालदार झाला असेल. सुभेदार साहेबांकडे त्याचा नंबर मिळेल, आज संध्याकाळी विचारतो.