मडके, चुना आणि कायदा

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे घरी मद्य तयार करण्याच्या साधनांविषयी येथे जे काही लिहिले जाते, ते बहुधा पंचनाम्याच्या भाषेत असते: ‘मोहफुलाचा सडवा, प्लास्टिकचे ड्रम, जर्मनचे गंज, नळी, एकूण मुद्देमाल नष्ट’. या भाषेत भांडे आधी गुन्हा ठरते आणि मग फुटते. त्याला काही पूर्वेतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

वास्तविक मोहाच्या भट्टीइतकी अल्पखर्चिक साधनसामग्री दुसऱ्या कोणत्या रसायनकर्माला लागत असेल, असे वाटत नाही. चैत्रात वेचून वाळवलेली फुले काही दिवस पाण्यात आंबवायची. चुलीवर मोठे मडके, त्याच्या तोंडावर दुसरे भांडे, सांध्यांना ओल्या मातीचा लेप, आणि वर गार पाण्याचे पात्र. वाफ त्या गार तळाला लागते, थिजते आणि आत ठेवलेल्या लहान भांड्यात ठिबकते. वरचे पाणी तापले की बदलायचे. नवशिक्याला विकत घ्यावे असे यात फारसे काहीच नसते. जे स्वयंपाकाला, तेच याला. नेमकी हीच गोष्ट वसाहतकालीन महसूल खात्याला खुपली. पाण्याच्या मडक्यावर कर बसवणार तरी कसा? मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरच नियंत्रण आणले. वर्धा ज्या मध्य प्रांतात होते, तेथे प्रथम भट्टीच्या जागेचा लिलाव होत असे. पुढे मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या कारखान्यांकडे उत्पादन सरकले. घरचे मडके बेकायदा ठरले ते नीतीच्या आधी महसुलासाठी, हे विसरता कामा नये.

याच वर्ध्यात मडक्याची दुसरी एक कहाणी घडली. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचा संसार मांडला. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्या परिसरात शिंदीची झाडे होती. दारू नको म्हणणाऱ्यांनी झाडाचेच काय करायचे, हा प्रश्न मोठा होता. झाड तोडा म्हणणे सोपे, पण रस काढणाऱ्याच्या पोटाचे काय? संघाने उत्तर शोधले ते गुळात. ताड-शिंदी बांधावर आणि पडीक जमिनीवर वाढतात. त्यांच्यापासून गूळ मिळाला तर उसाखालची जमीन धान्याला मोकळी होईल, असा विचार यामागे होता.

पण रस रात्रभर झाडावरच्या मडक्यात साचतो आणि तेथेच आंबू लागतो. वापरलेल्या मडक्याच्या रंध्रांत आधीच्या खेपेची किण्वे बसलेलीच असतात. शिंदी विकणाऱ्याला ती हवीच असतात. गूळ करणाऱ्याने मात्र मडके नीट स्वच्छ करायचे, आतून चुना फासायचा आणि पहाटेच रस उतरवून कढईवर चढवायचा. झाड तेच, माणूस तोच, कोयता तोच. फरक चुन्याच्या एका हाताचा. गांधीवाद्यांच्या नैतिक भूमिकांची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या या भांड्याच्या विचाराची फारशी झाली नाही, आणि मला तरी तो त्यांच्या प्रवचनांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

गंमत अशी की 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही हा चुना पाझरला आहे. नीरेची व्याख्या करताना हा कायदा केवळ रसाचे वर्णन करून थांबत नाही; आंबणे रोखण्यासाठी प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला रस, असे म्हणतो. आणि त्याच कायद्याचे 65 वे कलम मद्यनिर्मितीसाठी सामग्री, भट्टी, भांडी वा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा मानते. म्हणजे एका ठिकाणी भांडे पेयाला निर्दोष ठरवते, दुसऱ्या ठिकाणी भांड्यामुळे माणूस दोषी ठरतो.

दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील बायका भट्ट्या फोडायला निघतात, तेव्हा त्यांच्या रागाला उत्तर नाही; तो राग खरा आहे. परंतु मगनवाडीने फुटलेल्या मडक्याच्या जागी चुना लावलेले मडके ठेवले होते. कागदोपत्री नीरेला आजही परवाना मिळू शकतो. शिंदीची झाडे मात्र बांधांवरून विरळ होत गेली, आणि पंचनाम्यातले ड्रम आता प्लास्टिकचे असतात. त्यांना चुना धरत नाही.