साखरपुडा मोडल्यानंतर अंगठीचे काय करावे?

साखरपुडा म्हणजे विवाह नव्हे. कायदा त्याला विवाहाचा दर्जा देत नाही. तरीही आपल्या समाजात साखरपुडा झाला की मुलगी 'दिलेली' समजली जाते, दोन्ही घरांत येणे-जाणे सुरू होते आणि सणावारी भेटवस्तूंची देवाणघेवाण होते. म्हणूनच ठरलेले लग्न मोडते, तेव्हा दुःखाच्या जोडीला व्यवहाराचे प्रश्नही उभे राहतात. त्यांतील सर्वांत लहान, परंतु सर्वांत बोचरा प्रश्न अंगठीचा. ती परत करावी, ठेवून घ्यावी की मोडून टाकावी? मोडायची झाल्यास तिचे किती पैसे येतील? आणि मुळात ती विकण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नांचा हा क्रमवार आढावा.

प्रथा आणि शास्त्र

आपल्याकडील वाङ्‌निश्चयाच्या जुन्या विधीत मान होता तो साखरेच्या पुड्याला, नारळाला आणि साडीचोळीला. वधूवरांनी एकमेकांच्या बोटात अंगठी घालण्याची रीत पाश्चात्त्य प्रभावातून आली आणि आता शहरांप्रमाणे खेड्यांतही रुळली आहे. महाराष्ट्रात बहुधा दोन्हीकडून अंगठ्या दिल्या जातात. त्यामुळे हा प्रश्न केवळ मुलीच्या बोटातील अंगठीचा नाही, मुलाच्या बोटातील अंगठीचाही आहे.

वाङ्‌निश्चय मोडल्यास काय करावे, याचा विचार धर्मशास्त्रकारांनीही केला होता. देऊ केलेली कन्या विनाकारण परत घेणाऱ्यास याज्ञवल्क्यस्मृतीने दंड सांगितला असून, वरपक्षाचा झालेला खर्च व्याजासह भरून देण्यास सांगितले आहे. वाग्दत्त वधूचा मृत्यू झाल्यास दोन्ही बाजूंचा खर्च वजा करून वराने आपण दिलेले परत घ्यावे, असेही तेथे म्हटले आहे. लग्नाच्या आशेने दिलेल्या वस्तूंचा हिशेब लग्न न झाल्यास पुन्हा मांडला पाहिजे, हा विचार यावरून किती जुना आहे ते कळते.

आजचा कायदा काय म्हणतो?

भारतात साखरपुड्याच्या अंगठीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अशा वेळी सर्वसाधारण कायद्यांचा आधार घ्यावा लागतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार जंगम वस्तूची भेट ती प्रत्यक्ष हाती दिल्याने पूर्ण होते. त्यासाठी नोंदणी लागत नाही. एकदा पूर्ण झालेली भेट देणाऱ्याला मनास येईल तेव्हा परत मागता येत नाही. मात्र देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेली एखादी विशिष्ट घटना घडल्यास भेट रद्द होईल, असे उभयतांत ठरले असल्यास ती रद्द होऊ शकते. याच कायद्याचे कलम १२६ ही तरतूद करते.

व्यवहारात याचा अर्थ असा की, अंगठी 'लग्न होईल' या अटीवर दिली होती की निरपेक्ष भेट म्हणून, यावर बरेच काही ठरते. अशी अट कोणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे वाद न्यायालयात गेल्यास पत्रव्यवहार, साक्षीदार, रूढी आणि लग्न कोणी व का मोडले, या साऱ्यांचा विचार होऊ शकतो. लग्नाचे वचन मोडल्याबद्दल भारतीय करार अधिनियम, १८७२ खाली नुकसानभरपाई मागता येते. करारभंगाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. अर्थात काही हजारांच्या अंगठीसाठी न्यायालयाची पायरी चढणे बहुतेकांना परवडत नाही आणि शोभतही नाही.

अंगठी मागून घेतली असेल, तर प्रश्न वेगळा होतो. लग्नाच्या संबंधात मागणी करून घेतलेली वस्तू ही हुंडा ठरू शकते आणि हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ नुसार हुंडा मागणे हा गुन्हा आहे. मागणी न करता, रूढीप्रमाणे आणि ऐपतीच्या प्रमाणात दिलेल्या भेटींना या कायद्यात सूट आहे. मात्र त्यांची यादी ठेवणे आवश्यक असून त्यासाठी १९८५ मध्ये नियम करण्यात आले.

विवाह होऊन मोडल्यास

साखरपुड्यानंतर विवाह झाला आणि मग घटस्फोटाची वेळ आली, तर स्थिती बरीच स्पष्ट आहे. वधूला विवाहापूर्वी, विवाहात किंवा विवाहानंतर मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन होय. १९८५ मधील प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीची संपूर्ण मालकी असल्याचे आणि सासरच्या माणसांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असे स्पष्ट केले. त्यामुळे तिची अंगठी विकायची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिचाच.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७० च्या कायद्याने साखरपुड्याची अंगठी ही निरपेक्ष भेट मानली जाते. लग्न न झाल्यास परत करण्याच्या अटीवर ती दिली होती, असे सिद्ध केल्यासच ती परत मिळते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, दोष कोणाचाही असो, लग्न न झाल्यास अंगठी देणाऱ्याला परत गेली पाहिजे, असा निर्णय दिला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये २००७ साली एक वेगळाच खटला गाजला. लग्न मोडल्यावर अंगठी कचऱ्यात टाकून देण्यात आली होती. न्यायालयाने मुलीला तिची किंमत भरून देण्यास सांगितले. मालकीचा निर्णय होण्यापूर्वी अंगठीची विल्हेवाट लावू नये, हा त्यातील बोध सर्वत्र लागू पडतो.

आधी बोलणी, मग विक्री

आपल्याकडे रूढ असलेला आणि सर्वांत कमी त्रासाचा मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंनी मौल्यवान वस्तू परत करणे. हे काम वधूवरांवर न सोपवता लग्न जमविणारे मध्यस्थ किंवा दोन्ही घरांतील एखादी वडीलधारी, शांत व्यक्ती यांच्याकरवी व्हावे. वस्तूंची यादी करावी, दागिन्यांचे वजन लिहावे, छायाचित्र काढावे आणि 'यापुढे परस्परांचे काही देणे-घेणे राहिले नाही' अशा आशयाच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. समोरच्या बाजूने अंगठी नको असे सांगितल्यास तेही लेखी घ्यावे. पुढे मुलीचे किंवा मुलाचे दुसरीकडे जमत असताना जुना वाद उकरून निघू नये, यासाठी हा साधा कागद मोलाचा ठरतो.

सोन्याची किंमत कशी ठरते?

अंगठी विकताना तिच्याशी जोडलेल्या आठवणींना, नक्षीला किंवा पेढीच्या नावाला सराफ किंमत देत नाही. तो तीन गोष्टी पाहतो : शुद्धता, निव्वळ वजन आणि त्या दिवसाचा भाव.

शुद्धतेसाठी अंगठीच्या आतील बाजूचे शिक्के पाहावेत. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट आणि ५८५ म्हणजे १४ कॅरेट. खड्याच्या अंगठ्या बहुधा १८ किंवा १४ कॅरेटच्या असतात, कारण शुद्ध सोने मऊ असल्याने खडा घट्ट धरत नाही. भारतात सोन्याच्या हॉलमार्किंगची योजना २००० साली सुरू झाली. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यांवर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे नाजूक अंगठीवर शिक्का नसला तरी ती खोटी असे समजू नये. हॉलमार्क नसलेले जुने दागिनेही ग्राहक सराफाला विकू शकतो. शंका असल्यास मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात अल्प शुल्कात तपासणी करून घ्यावी. हॉलमार्कवर लिहिल्यापेक्षा शुद्धता कमी भरल्यास फरकाच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. म्हणून मूळ पावती जपून ठेवावी.

निव्वळ वजन म्हणजे खड्यांचे वजन वगळून उरलेले सोने. यावरच मोडीचा भाव लागतो.

एक हिशेब

समजा, २२ कॅरेटची, बिनखड्याची ४ ग्रॅमची अंगठी घेतली. हिशेबाच्या सोयीसाठी भाव प्रतिग्रॅम ६,००० रुपये धरू. सोन्याचे २४,००० रुपये झाले. घडणावळ १५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये. एकूण २७,६०० रुपयांवर ३ टक्के जीएसटी ८२८ रुपये. ग्राहकाने दिले २८,४२८ रुपये. तीच अंगठी त्याच भावाने मोडली आणि सराफाने २ टक्के घट धरली, तर हाती येतात २३,५२० रुपये. म्हणजे भाव न बदलताही ४,९०८ रुपयांचे नुकसान. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, हे सूत्र लक्षात ठेवावे. मधल्या काळात सोने महागले असेल, तरच ही तूट भरून निघते.

हिऱ्याचे गणित निराळे

सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो, हिऱ्याला तसा नसतो. त्याचे मोल वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलू या चार गोष्टींवर ठरते. हिऱ्याचा कॅरेट हे वजनाचे माप असून एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरेट मात्र शुद्धतेचे माप आहे. या दोहोंची गल्लत अनेकदा होते.

लहान हिऱ्यांना मोडीत फारच कमी, कधी काहीच किंमत मिळत नाही. मोठ्या एकेरी हिऱ्याला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असेल, तरच बोलणी पुढे सरकतात. त्यातच प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे स्वस्त झाल्यामुळे पुनर्विक्रीची बाजारपेठ आणखी अवघड झाली आहे. दोन्ही हिरे नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात आणि उष्णतावहन मोजणारे साधे पेनही त्यांतील फरक ओळखू शकत नाही. म्हणून हिऱ्याची अंगठी शक्यतो जेथून घेतली, त्याच पेढीत न्यावी. अनेक पेढ्या आपला माल ठरावीक वजावट करून परत घेतात. ती अट पावतीवर छापलेली असते.

विकताना घ्यावयाची काळजी

१. किमान तीन ठिकाणी भाव विचारावा. मुंबईचा झवेरी बाजार, पुण्याचा लक्ष्मी रस्ता, कोल्हापूरची गुजरी किंवा जळगावचा सराफ बाजार, कोठेही एकाच्या शब्दावर विसंबू नये.

२. वजन आणि तपासणी आपल्या डोळ्यांदेखत व्हावी. क्ष-किरणांच्या यंत्रावर अंगठी न वितळवता शुद्धता कळते. वितळविण्यास संमती देण्यापूर्वी रक्कम ठरवावी.

३. घट किती टक्के व कशाबद्दल, हे स्पष्ट विचारावे. खडे काढले, तर ते परत मागून घ्यावेत.

४. मूळ पावती व ओळखपत्र सोबत न्यावे. चोरीचा माल घेणे गुन्हा असल्याने सराफ याची मागणी करतो. त्यात अपमान मानू नये.

५. रक्कम शक्यतो बँकेतून घ्यावी आणि विक्रीची पावती घ्यावी.

कराची बाजू

खासगी व्यक्तीने जुना दागिना सराफाला विकल्यास तिला जीएसटी भरावा लागत नाही. नफा झाल्यास मात्र भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. २३ जुलै २०२४ पासून, २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या सोन्यावरील नफ्याला १२.५ टक्के दराने कर आहे. त्याआधी विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो. आणखी एक बारकावा असा, की प्राप्तिकराच्या दृष्टीने नियोजित वर हा 'नातेवाईक' नसतो. विवाहाप्रसंगी मिळालेल्या भेटी करमुक्त आहेत. पण विवाहच झाला नाही आणि वर्षभरात परक्यांकडून मिळालेल्या भेटींचे मूल्य ५० हजारांच्या वर गेले, तर प्रश्न उद्‌भवू शकतो. महाग अंगठी ठेवून घ्यायची असल्यास सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

घाई नको

अंगठी विकणे हा एकच मार्ग नाही. ती मोडून दुसरा दागिना घडविता येतो; वळे करून ठेवता येते; आईची किंवा आजीची जुनी अंगठी असेल, तर ती त्या घरी परत पाठविणे हेच योग्य. सोने नाशवंत नाही. चार-सहा महिने थांबल्याने त्याचे काही बिघडत नाही. उलट रागाच्या भरात किंवा लोकलाजेने केलेला सौदा बहुधा तोट्याचा ठरतो. आप्तेष्टांनीही 'ती अंगठी डोळ्यांसमोर नको' असा धोशा लावू नये. हिशेब नीट झाला, कागद झाला आणि मन थोडे स्थिरावले, की मोडीला जाणारी अंगठी ही केवळ काही ग्रॅम सोने उरते. तसे वाटू लागले, की ती विकण्याची वेळ आली असे समजावे.